वकील येतायत, मॅडम

६ फेब्रुवारी

ती. दादास,

मुंगीचा नमस्कार. वहिनींनाही नमस्कार सांग, पोरांना गोड पापे. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जिभेला काही म्हणजे काही झालेलं नाही. या पत्राला कारण आहे, पण ते मागाहून येईल. आधी जरा हसून घे.

दोन वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही, त्यामुळे बातम्या नुसत्या साचल्यात. सगळ्यात मोठी तुला कुणीतरी पोचवली असेलच. बावीस वर्षं वकिलाच्या ऑफिसात फायली शिवणारी तुझी बहीण आता काळा कोट घालून कोर्टात उभी राहते! पदवी नसली तरी पंधरा वर्षांची कारकुनी आणि वर परीक्षा, एवढ्यावर वकिलीची सनद मिळायचा नवा नियम झाला ना, त्यात मी बसले. सध्या वर्षभराची तात्पुरती सनद आहे.

तर पहिला दिवस. अशील कोण, तर आमच्या गल्लीच्या तोंडावरचा कुलूपवाला. भाडं थकलं म्हणत जागेचा मालक त्याला दुकानातून काढायला निघालाय. पुकारा झाला, मी फाईल छातीशी धरून उठले. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "वकील कुठे आहेत?" आणि दादा, बावीस वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं, "वकील दुसऱ्या कोर्टात आहेत, मॅडम. पाच मिनिटांत येतायत."

कुलूपवाला माझी बाही ओढतोय, "अहो बाई, तुम्हीच ना?" न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून मला नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "मग त्यांचा कोट तुम्ही का घातलाय?" असा काही हशा पिकला म्हणतोस! शिपाईसुद्धा दाराबाहेर जाऊन हसून आला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण मग मीही हसले, आणि फाईल उघडली. वीस मिनिटं बोलले. दुकान तूर्त रिकामं करायचं नाही, असा हुकूम घेऊनच बाहेर आले. कुलूपवाल्याने खुशीत माझ्या कपाटाला नवंकोरं कुलूप बसवून दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी मी त्याची किल्ली हरवली. तो अजून वकीलबाईंच्या अकलेवर विश्वास ठेवून आहे, हे विशेष.

आमचे साहेब तर हवेत आहेत. मला आता "अगं" ऐवजी "अहो वकीलबाई" म्हणतात आणि लगेच चहा सांगतात, तो मात्र मीच करायचा.

हसलास ना? बरं. आता दुसरं.

दोन वर्षांपूर्वी या नियमावर तुमच्या वकील संघटनेची सभा झाली, त्या दिवशी मी तिथेच होते. साहेबांचे कागद घेऊन मागच्या खांबाशी उभी होते. व्यासपीठावरून तू मला पाहिलं नाहीस. तू म्हणालास, "कुठला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा हे ठाऊक असणं म्हणजे कायदा कळणं नव्हे. उद्या कंपाउंडर ऑपरेशन करतील." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कागद तिथेच ठेवले आणि घरी आले. आईच्या आजारपणाचं निमित्त करून तुझे फोन घेतले नाहीत, ते त्यामुळे. आईला काही झालं नव्हतं. मला झालं होतं. फार लागलं रे मला.

आणि तुझ्याच काय, आमच्या साहेबांच्याही कानावर जाऊ दिलं नाही असं एक सांगते. पहिल्या खेपेला मी नापास झाले. प्रश्न होता, दाव्याला मुदत का असते? मी झोकात लिहिलं, "मुदत संपल्यास विलंबमाफीचा अर्ज करून चार नंबरच्या खिडकीवर द्यावा." शून्य मिळालं. उत्तरपत्रिका हातात घेऊन बसले, तेव्हा तुझं भाषण आठवलं आणि अंगाचा तिळपापड झाला, कारण ते निम्मं खरं होतं. मला कसं ते सगळं येत होतं, का ते कधी कुणी विचारलंच नव्हतं.

मग माळ्यावरची तुझी कॉलेजातली पुस्तकं काढली. तू समासात पेन्सिलीने किती भांडलायस रे! "हा अन्याय नाही का?" "मग गरिबाने काय करायचं?" प्रत्येक पानावर का, का, का. वर्षभर तुझ्याशी अबोला धरून तुझ्याकडेच शिकले. दुसऱ्या खेपेला तिसरी आले.

आता कारण. वीस तारखेला कायमची सनद द्यायची की नाही ते ठरेल. वीस वर्षं वकिली केलेल्या कुणीतरी भर कोर्टात उभं राहून सांगायचं असतं, की मी हिचं काम स्वतः पाहिलं आहे आणि ही लायक आहे. नोकरी देणारा चालत नाही, नातलग चालतो. काय नियम करतात बघ! दोन-तीन जण तयार होते. मी अर्जावर तुझं नाव लिहून मोकळी झाले. नाव आता बदलता येत नाही. तू नाही म्हणालास तर तात्पुरती सनदही जाईल, आणि मी पुन्हा फायली शिवायला.

बुधवारी कुलूपवाल्याची शेवटची सुनावणी आहे. ये, मागे बस, बघ. नाही पटलं तर वीस तारखेला तसंच सांग, सगळ्यांसमोर. पण लाडाने हो म्हणू नकोस, माझी शपथ आहे.

बुधवार सोडून बाकी सगळे दिवस तुझी बहीण,
मुंगी


१२ फेब्रुवारी

मुंगे,

आशीर्वाद. काल आलो होतो. तू ओळख दाखवली नाहीस, मीही नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर तुझा आवाज पडला. एकदा तारीख चुकलीस. हे आधी सांगितलं, कारण शपथ घातलीयस.

मालकाच्या वकिलाने मुदत उलटून दोन दिवस झाल्यावर भाड्याच्या हिशेबाचा कागद पुढे केला. खिडकीची माणसं तुम्ही, तो परत पाठवायच्या दहा युक्त्या तुला ठाऊक असणार. मी वाट पाहत होतो, म्हटलं आता काढते बघ एक. तू म्हणालीस, "येऊ द्या, मॅडम. त्यांचं म्हणणं राहून गेलं असं नको. माझ्या अशिलाला एकदाचा सुटका करणारा निकाल हवाय." आणि मग त्याच कागदातली, भाडं मिळाल्याची मालकाचीच नोंद वाचून तू त्यांना हरवलंस. मुंगे, मी अठ्ठावीस वर्षं वकिली करतोय. तो कागद मी परत पाठवला असता.

निकाल ऐकून तो कुलूपवाला माझ्याच गळ्यात पडला. मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही, नुसती त्याची पाठ थोपटली.

त्या सभेत तू होतीस हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी बोललो असतो, हे जास्त वाईट आहे. संघटनेला आज चार ओळी लिहून दिल्यात, की माझं मत चुकलं होतं. नोटिसांच्या फळ्यावर लावा म्हणालो.

वीस तारखेला मी साडेदहालाच पोचतो. बहीण आहे असं तिथे सांगणार नाही, जे पाहिलं तेवढंच सांगणार. आणि कोर्टात वकील वकिलाला जे म्हणतो तेच खाली लिहितोय. ऐकायची सवय करून घ्या, वकीलबाई.

आपला विद्वान मित्र,
दादा