चिखलीत माइकवर घेतलेलं नाव

काळेवाडी,
रविवार, ८ मार्च १९८१

प्रिय किसन,

सप्रेम जयभीम. तू प्रत्येक पत्रात असं लिहितोस आणि मी उत्तरात 'नमस्कार' लिहून मोकळा होतो. आज मुद्दाम तुझ्यासारखं लिहिलं. तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. ओव्हरटाइममुळे उत्तराला उशीर झाला, असं मी पहिल्या कागदावर लिहिलं होतं. तो कागद फाडला, कारण ओव्हरटाइम महिनाभर बंदच आहे. खरं कारण असं की, चिखलीच्या कार्यक्रमाबद्दल तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. साडेसहा वर्षं ती मी पोटात ठेवली. ती वाचल्यावर तू मला मित्र म्हणशील की नाही, हे मला माहीत नाही. माइक हातात आला की मी थांबत नाही, हे तू किती वेळा बोलून दाखवलंस! पण हे सांगायचं म्हटलं की माझी बोबडी वळते.

आधी इकडची खबरबात, तेवढाच धीर येईल. इंदू बरी आहे. पोरगी तिसरीत गेली आणि माझ्यावर गेली, म्हणजे दिवसभर बडबडते. आपल्या ढोलकीवाल्या खंडूनं कंपनी सोडून चिखलीतच शेड टाकलंय. दोन लेथ आहेत आणि दारावर स्वतःच्या नावापुढे 'प्रोप्रायटर' असं रंगवून घेतलंय. ढोलकी तिथंच खुंटीला असते, जेवणाच्या सुट्टीत बडवतो. कस्तुरा आळंदीला दिली, नवऱ्याचं तुळशीमाळांचं दुकान आहे. गळा अजून तसाच, पण आता फक्त कीर्तनात मागे उभी राहते. भेटली की पहिलं तुझं विचारते, आणि मी तिच्या दुकानातल्या माळांचे भाव विचारत बसतो.

आपला 'स्वरकिरण ऑर्केस्ट्रा, पिंपरी' आठवला की मला आधी सायकलीच आठवतात. पहिली पाळी सुटली की तू टूलरूममधून आणि मी प्रेसशॉपमधून, तेलकट हातानंच निघायचो. खिशात ती गुलाबी हँडबिलं, 'कामगार कलावंतांचा बहारदार कार्यक्रम'. त्यातल्या 'कामगार' शब्दानंच आपला घात केला, असं तू म्हणायचास. एका सेक्रेटरीनं तर तोंडावर सांगितलं होतं, "पिंपरीत कंपन्या असतात राव, ऑर्केस्ट्रा पुण्याचा आणायचा." थिएटरच्या मॅनेजरनं विचारलं, आधी कुठं कार्यक्रम केलाय? कुठंच नाही म्हटल्यावर म्हणाला, मग आधी कुठंतरी करून या. आळंदीच्या धर्मशाळेतल्या त्या ट्रस्टींनी तासभर सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि शेवटी विचारलं की पहाटेच्या काकड्याला उभे राहाल का. ऑफिसरांच्या क्लबातला तो क्लार्क, "लेडीज किती?" म्हणाला. एक म्हटल्यावर त्यानं नाक मुरडलं. कस्तुरा समोरच बसली होती. "एकच हाय, पर गाती," म्हणाली. तिथून बाहेर पडल्यावर आपण हसून हसून बेजार झालो होतो. पण तारीख काही मिळाली नाही.

आणि भोसरी! तारीख पक्की म्हणून आपण टेम्पोत सामान घालून गेलो, तर मांडवात पांढरा पडदा. मंडळानं परस्पर सिनेमा ठरवलेला. आपल्याला कळवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तू म्हणालास, आलोच आहोत तर बघून जाऊ. अ‍ॅकॉर्डियन मांडीवर घेऊन तू अख्खा सिनेमा बघितलास. मला तेव्हा तुझा राग आला होता. आता वाटतं, तू त्या अपमानाला तसाच पुरून उरलास. मला ते जमलं नाही.

आता जे तुला माहीत नाही ते. चिंचवडच्या एका कॉलनीत मी एकटाच गेलो होतो, तुझी सेकंड शिफ्ट होती. तिथल्या सेक्रेटरीनं हँडबिलावरच्या नावांवरून बोट फिरवलं आणि ते तुझ्या 'ओव्हाळ' आडनावावर थांबलं. हे कुठले, म्हणून विचारलं. पिंपरीतली तुमची वस्ती मी सांगितली. त्यानं हँडबिल घडी करून खिशात घातलं आणि कळवतो म्हणाला. कळवलं नाही. तुला मी सांगितलं की त्यांनी जादूगार ठरवला. तू त्या जादूगारावर चार विनोद केलेस आणि मी मोठ्यानं हसलो. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका मंडळात हाच प्रश्न आला. तिथं मी, "आमच्यात नवीनच आलेत, फारशी ओळख नाही," असं बोलून गेलो. तुझ्या घरी आठवड्यातून तीनदा जेवणारा मी! ती दोन माणसं वाईट वागली, त्याचं पाप त्यांना. पण त्यानंतरचं सगळं माझं आहे, ते त्यांच्या खात्यावर टाकायला मी हे लिहीत नाही.

मग चौऱ्याहत्तरचं नवरात्र आलं आणि चिखलीची सुपारी मिळाली. तिथल्या उत्सवाचं सगळं बघणाऱ्या म्हाताऱ्या अण्णासाहेबांनी खरोखरच नारळ आणि सुपारी हातात ठेवून तारीख दिली. आपली पहिली. तुझ्या आईनं, सोजरआईनं, सगळ्या वस्तीला सांगितलं होतं, ते तुझ्या कानावर असेलच. मला काय म्हणाली ते मात्र तुला ठाऊक नाही. म्हणाली, "पंचवीस वरसं ह्येच्या बापानं कंपनीत झाडू मारला, कुनी नावानं हाक मारली न्हाई. आता त्येचं नाव कर्न्यात ऐकायचंय मला." मी म्हटलं, आई, लाउडस्पीकरवर असं दणक्यात घेतो की नदीपल्याड ऐकू जाईल. हे मी दुपारी बोललो, आणि त्याच दिवशी दिवे लागल्यावर स्टेजवर उभा राहिलो.

ओळखी करून देणं हेच माझं काम. मला ना वाजवता येतं, ना गाता येतं. ढोलकीवर खंडू झाला, गायिका कस्तुरा झाली, आणि मग मी म्हणालो, "अ‍ॅकॉर्डियनवर आपले लाडके, किसन मोहिते!" माझं आडनाव. तुझी बोटं पट्ट्यांवर ठेवलेली होती. तू एकदाच माझ्याकडे बघितलंस आणि वाजवायला लागलास. काय वाजवलंस रे त्या दिवशी! लोक उठून टाळ्या देत होते. बायकांच्या बाजूला पुढेच सोजरआई शेजारच्या गोजाबाईला घेऊन बसली होती. तिनं टाळी वाजवली नाही. हात मांडीवर तसेच ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

मध्यंतरात ती स्टेजमागं आली. तू चहाला गेला होतास. मला वाटलं आता शिव्या घालणार, पण तिनं अगदी समजुतीनं सांगितलं, "सयाजी, नाव चुकलं रं तुजं. पुन्यांदा घे. कर्ना तुज्याच हातात हाय." मी हो म्हणालो. घेतो म्हणालो. उरलेला दीड तास माइक माझ्याच हातात होता आणि मी घेतलं नाही. ती शेवटपर्यंत बसली. निघताना आपल्यासाठी आणलेल्या भाकरी माझ्याकडेच देऊन गेली, आणि मी त्या खाल्ल्या. ही भेट तिनं तुला कधीच सांगितली नसणार, असा माझा अंदाज आहे. तुझ्या-माझ्यात बिनसू नये म्हणूनच.

परतताना टेम्पोत तू विचारलंस, अण्णासाहेब काही म्हणाले का? नुसतं 'काही म्हणाले का'. तू मला पळवाट देत होतास की खरंच तुला तसं वाटलं, हे मला अजून कळलेलं नाही. मी ती घेतली. म्हणालो, म्हातारा अडून बसला होता, ओव्हाळ आडनाव माइकवर नको म्हणाला, नाहीतर सुपारी परत करा म्हणाला, तेव्हा मी म्हटलं की मग माझ्या भावाला माझं आडनाव देतो. शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज भरून आला होता. निवेदकच मी! तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. दुसऱ्या आठवड्यात वस्तीत ही गोष्ट झाली की सयाजीनं स्वतःचं आडनाव देऊन ओव्हाळांच्या पोराची अब्रू राखली. गोजाबाईनं मला घरात बोलावून पाटावर बसवलं. सोजरआई तेव्हा तिथंच तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

पुढच्या वर्षी नवरात्राआधी अण्णासाहेब स्वतः पिंपरीला आले. एवढी वर्षं आपण दारोदार हिंडलो, आणि आपल्या दारात सुपारी घेऊन आलेला हा एकच माणूस. धोतर सावरत, पत्ता विचारत तुमच्या वस्तीत शिरले. मी तुझ्याकडेच होतो. "त्यो पोटावरच्या पेटीवाला पायजे, बाकी कुनी बी आना," असं म्हणून ते हसत उंबऱ्याशी उभे राहिले. आणि तू त्यांना आत घेतलं नाहीस. "तुमच्या गावात ओव्हाळ चालत नाही, मग ओव्हाळाच्या दारात कशाला आलात?" म्हणालास. त्यांना कळेचना. दोनदा म्हणाले, "आमी काय केलं, बाबा?" मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा चपलेचा अंगठा नीट करत होतो, तो तुटलेला नव्हता.

किसन, अण्णासाहेब माझ्याजवळ काहीही बोलले नव्हते. त्यांनी हँडबिल वाचलंसुद्धा नव्हतं, चष्मा घरी राहिला होता. मला त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या होत्या, देवीचं एक गाणं घ्याल का आणि वेळेवर याल का. तुझं नाव, गाव, आडनाव कुणीच विचारलं नाही. मीच घाबरलो. पहिलीच सुपारी हातची जाईल म्हणून घाबरलो, आणि कुणी मागितलं नसताना तुझं नाव काढून दिलं. चिखलीच्या लोकांना खरं आडनाव कळलं असतं तर ते काय वागले असते, मला सांगता येत नाही. त्यांना हो किंवा नाही म्हणायची संधीच मी ठेवली नाही.

तू नाशिकला गेलास आणि स्वरकिरण संपला. तू लिहितोस की तुझ्याशिवाय वाजवायचं नाही म्हणून मी बॅनर गुंडाळला. मी ते कधी खोडून काढलं नाही, कारण वाचायला बरं वाटायचं. खरं म्हणजे तू गेल्यावर आम्हाला कुणी बोलावलंच नाही. खंडूच्या शेडकडे जाताना रस्त्यात अण्णासाहेबांचं घर लागतं. आता फार थकलेत, ओट्यावर बसलेले असतात. मी मागच्या गल्लीनं जातो. इंदूलासुद्धा हे परवापर्यंत माहीत नव्हतं. सांगितल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी शाईची दौत समोर आणून ठेवली.

आता तुझ्या पत्राचं. तुझ्या नव्या ऑर्केस्ट्राला थिएटर मिळालं, तेही तिकीट लावून, हे वाचून मी इंदूला ओरडून सांगितलं, एवढा आनंद झाला. पण पुढे तू लिहिलंस की चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी त्या स्टेजवर शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार करणार आहेस, चिखलीच्या अण्णासाहेबांनी काय केलं आणि सयाजीनं काय केलं ते सगळ्या हॉलला सांगणार आहेस, सोजरआई पहिल्या रांगेत असणार आहे, आणि निवेदकाला वाचायला माझ्याबद्दल चार ओळी पाठव. चार ओळींत मावलं नाही. हे पत्रच माझी माहिती म्हणून घे. आधी आईला वाचून दाखव, तिला यातलं अर्धं माहीत आहेच. मग स्टेजवर वाचायचं की चुलीत घालायचं, ते तू ठरव. त्या म्हाताऱ्याचं नाव मात्र त्या हॉलमध्ये माझ्यासाठी घेऊ नकोस. मी उद्या पाळी सुटल्यावर त्यांच्या ओट्यावर जाणार आहे, आता मागची गल्ली नाही. ते काय म्हणतात ते कार्डानं कळवीन. कार्यक्रमाला मी यावं असं तुला अजूनही वाटलं तर तसं लिही, तिकीट काढून मागे बसेन. नाही लिहिलंस तर समजून घेईन. शाल आणू नकोस.

तुझाच,
सयाजी