खोकल्याची नोंद

९ फेब्रुवारी, रविवार
कंपनीला सुट्टी, त्यामुळे आजारी कुणी नाही. सुषमा मात्र सकाळी नऊलाच आली, डबाभर तिसऱ्यांचं, शिंपल्यांचं सुकं घेऊन. धाकटी बहीण इतक्या सकाळी तिसऱ्या घेऊन आली म्हणजे काहीतरी काम असणार. निघालंच. तिच्या ओंकारला आर्मीत जायचंय. मेडिकलला, नर्सिंग असिस्टंट. थोडक्यात, मामासारखं. नीटमध्ये मार्क कमी पडले, त्यानंतर हे डोक्यात घेतलंय. चिडली की सुषमा मालवणीत शिरते. "तू त्याका समजाव मरे. तुझा ऐकतलो तो. घाबरव जरा."
बघतो म्हटलं. तिसऱ्या झकास होत्या.

१२ फेब्रु., बुध.
कंपनीच्या फर्स्ट-एड रूममध्ये: एक कापलेलं बोट, दोन डोकेदुख्या, त्यातली एक खोटी.
संध्याकाळी ओंकार आला. मोबाइलवर प्रश्न लिहून आणलेले. काय काय असतं, मामा? सांगितलं. आधी लेखी. मग धावणं, पुलअप्स. मग मेडिकल, तिथे कानातल्या मळावरूनसुद्धा परत पाठवतात, तेव्हा आधीच साफ करून जा. मग लखनौला ट्रेनिंग. पहिले काही महिने बँडेजला हात लावायचा नाही, नुसती परेड. पुढे वॉर्डात बेडपॅन. युनिटमध्ये गेलास की पाय बघायचे. लांब मार्चनंतर शंभर माणसांचे दोनशे पाय, फोड, चिखल्या, वास.
घाबरवायला सांगत होतो. हा बसून टिपून घेत होता. "चिखल्यांना काय लावायचं?"
शेवटी विचारलं, "तुझ्या हातात कुणी गेलं का रे मामा?"
म्हटलं, चहा गार होतोय, पी.

१६ फेब्रु., रवि.
वर्सोव्याला वाळूत ओंकारला पळवलं. दम लागला, पण थांबला नाही. माझे गुडघे बोंबलले.
घरी आलो तर जिन्यात जोशीकाकू. "डॉक्टर, जरा खोकला झालाय, एखादं सिरप द्या ना." म्हटलं, मी खोकला बघत नाही, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. तोंड वाकडं करून गेल्या. बिल्डिंगमध्ये सगळे हसतात: बीपी बघतो, ड्रेसिंग करतो, पण आपला डॉक्टर खोकल्याला घाबरतो. ओंकार मागे उभा होता. तो हसला नाही.
मी डॉक्टर नाही. कितीदा सांगितलं यांना.

१८ फेब्रु., मंगळ.
कंपनीत कुणी नाही. रिकामा वेळ. लिहूनच टाकतो. बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.
उंचावरची पोस्ट, बर्फ, अकरा माणसं आणि मी. सव्विसाव्या वर्षी. खरा डॉक्टर खाली, वायरलेसवर. पोस्टवर मलाच सगळे 'डॉक्टरसाब' म्हणायचे. नर्सिंग असिस्टंटला तसं म्हणायची पद्धतच आहे. मला ते आवडायला लागलं होतं.
बिष्ट, बावीसचा, गढवालचा. सकाळी आला. "डॉक्टरसाब, थोड़ी खाँसी है।" सिरप दिलं, गरम पाणी पी, झोप म्हटलं. त्या उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं, म्हणून खोकला आला की आधी मिनिटाचे श्वास मोजायचे आणि खाली कळवायचं, हे मला पाठ होतं. इतरांना मीच शिकवायचो. पण प्रत्येक खोकल्याला खाली विचारायचं, तर कसला डॉक्टरसाब? श्वास मोजले नाहीत. सिक रिपोर्टच्या रजिस्टरात त्या दिवशी 'निल' लिहिलं, म्हणजे आजारी कुणी नाही.
दुपारी चारला बघायला गेलो तर ओठ निळे, तोंडाला गुलाबी फेस. मग ऑक्सिजन, मग वायरलेस, सगळं केलं. हवा खराब, हेलिकॉप्टर येईना. दुसऱ्या दिवशी उचलून उतरवायला घेतला, वाटेतच गेला.
साहेबांनी रजिस्टर बघितलं. "म्हणजे अचानक झालं." मी हो म्हटलं.
पाठीवर थापही मारली त्यांनी. लाज वाटते मला. आजही, हे लिहिताना.
तेव्हापासून रोज लिहितो. कुणाला साधी शिंक आली तरी.

२३ फेब्रु., रवि.
पळून झाल्यावर वर्सोव्याला बोटींच्या सावलीत बसून ओंकारला सगळं सांगितलं. 'निल'सकट. बाजूला बोंबील वाळत होते, त्यांच्याकडे बघत बोललो. त्याच्याकडे बघवलं नसतं.
ऐकून उठला. रिक्षात बसून घरी गेला.
संध्याकाळी सुषमाचा फोन. "काय सांगितलंस रे त्याला? नीट जेवला नाय. पुस्तकं कपाटात टाकली. बरं झालं, दादा."
बरं झालं? तिचं काम झालं खरं. मला मात्र पोर गमावल्यासारखं वाटतंय.

१ मार्च, शनि.
आठवडाभर ओंकारचा फोन नाही. कंपनीत एक पोटदुखी. जोखीम नको म्हणून थेट हॉस्पिटलला पाठवली. गॅस निघाला. मॅनेजर वैतागले. वैतागू देत.
सहाला बेल. ओंकार. चप्पलसुद्धा न काढता दारातच, "मामा, समोरच्याला न कळता श्वास कसे मोजायचे? आईला सांगितलं की ती मुद्दाम हळू घेते."
नाडी बघतोय असं दाखवायचं, मनगट धरून ठेवायचं आणि छातीकडे बघायचं. त्याला बसवून दाखवलं. मग त्याने माझे मोजले. अठरा. म्हणाला, आई सिरियल बघत असली की सोळा, बाबांशी भांडताना मोजता येत नाहीत. हसलो दोघेही. खूप दिवसांनी.
जाताना थांबला. "बिष्टच्या घरच्यांना सांगितलंस तू?"
नाही.
"कोण आहे त्यांच्याकडे?"
आई होती. भाऊ आहे. पत्ता माझ्याकडे आहे, पहिल्यापासून.
"मग?" म्हणाला. तेवढंच.

९ मार्च, रवि.
उद्या फॉर्मची शेवटची तारीख. दोघं आली, मायलेक. ओंकारने मोबाइल टेबलावर ठेवला, फॉर्म पूर्ण भरलेला, फक्त 'सबमिट' राहिलेलं. सुषमा रडून आलेली. मला वाटलं, मला शिव्या घालणार. तर म्हणाली, "ह्यो रोज माझो हात धरून बसता. मी काय आजारी आसंय?" मग ओंकारकडे बघून, "दादा, तू सांग. तू सांगशील तसं."
मी म्हटलं, माझं काय ते खरं सांगून झालंय. आता पुढचं तुम्ही बघा.
ओंकार म्हणाला, उद्यापर्यंत वेळ आहे. मोबाइल उचलला, बटण दाबलं नाही. आईला घेऊन गेला.
ती गेल्यावर कागद काढला. बिष्टच्या भावाला हिंदीत लिहायला बसलो. तासभर बसून एकच ओळ झाली आहे:
"भाईसाहब, उस दिन सुबह उसे खाँसी थी।"