सकाळचं तेल

४ जून
आज सकाळी आईच्या पायांना खोबरेल चोळलं, साबणाने हात धुतले, देवाचं नाव घेतलं आणि कामावर गेलो. काचेचे धागे लेपाच्या पाण्यात बुडवून वाळवले. प्लास्टिकच्या पत्र्यांमध्ये त्यांचे थर लावले, गरम यंत्रात दाबले. ओढून पाहिलं — तुटलं! धागे प्लास्टिकातून केसासारखे स्वच्छ निसटले. लेप नीट धरला असता तर प्लास्टिक धाग्यांना चिकटून आलं असतं.

प्रयोगशाळेच्या बाई मान खाली घालून बसल्या. कृत्रिम पायाची पट्टी करायची आहे. "काका, यावर कोणीतरी उभं राहणार आहे."

५ जून
पुन्हा तेच. थकलो, देवा.

८ जून
मधे तापाने घरीच होतो. (तेल मात्र चुकवलं नाही.) त्या दिवसांत बाईंनी स्वतः थर लावले. टिकले! बराच वेळ घुटमळल्या. मग — "काका, हाताला काय लावता तुम्ही?"

हातमोजे घालतो की मी! पण घालताना तेच हात मोज्यांना बाहेरून लागतात. नखांत, मनगटावर तेल राहतंच. तेवढंही पुरतं म्हणे. मग प्लास्टिक धाग्याला धरतच नाही.

आईच्या पायांचं सांगितलं, तर म्हणाल्या, "संध्याकाळी लावा ना तेल." सोपं आहे.

९ जून
सोपं नाही. संध्याकाळी आई मला ओळखत नाही. पाय ओढून घेतला. "कोण रे मेल्या तू? माझा मुलगा येऊ दे, बघ तुझी कशी खोड मोडतो!" हसू आलं. मग बाहेर जाऊन उभा राहिलो.

१० जून
सकाळी बायको म्हणाली, मी चोळते. आईने तिला हाकललं. मी हातमोजे घालून बसलो, तर ओरडली — "हे हात कोणाचे?" मोजे काढले. तेल घेतलं. डोळे मिटून म्हणाली, "आलास होय बाळा?" दिवसभरात तेवढंच ओळखते.

बाई म्हणाल्या, "मी नाही तुम्हाला बाजूला करणार. तुम्हीच ठरवा." तरुणपणापासून हेच काम. दुसरं धड येत नाही. भांडारात जागा आहे — खोकी उतरवायची, लावायची. या गुडघ्यांनी!

११ जून
देवापुढे बसलो. काही मागितलं नाही.

१२ जून
धाग्यांच्या खोलीची किल्ली बाईंच्या हातात दिली. उद्या तेल जरा कोमट करून घेईन.