स्टेशनची गाडी

८ जाने. १९५०, रविवार

आई आज पहिल्यांदा गाडीत बसली. टांग्यात तिला चढवायचं म्हणजे दोघं खालून, एक वरून. इथे मागच्या दाराची फळी खाली पाडली, गादी अंथरली. ती फळीवर टेकली आणि सरकत सरकत आत गेली. राजघाटावर तापीचं दर्शन घेऊन अर्ध्या तासात घरी. "राणीवाणी वाटलं," म्हणाली. राणीचीच होती, आई.

सातपुड्यापलीकडचं ते चिमुकलं संस्थान विलीन झालं, राजेसाहेबांचे घोडे, तंबू, गाड्या विकायला निघाल्या. त्यात ही माझ्या वाट्याला आली. अमेरिकन, पाठीमागे लांबलचक, बाजूंना लाकडी पट्ट्या, दारावर मोराची मुद्रा. शिकारीला जायची म्हणे. पळते मात्र अशी की परवा खांडव्याच्या कोर्टातून दीड तासात घरी. काट्याने साठ मैल दाखवले तेव्हा मीच घाबरून पाय काढला.

सौ.चं मत तेवढं अजून बदललं नाही. "ना मोटार, ना लॉरी. वकिलाच्या दारात मोटारीसारखी मोटार असावी."

१२ जाने., गुरु.

कोर्टाच्या बाररूममध्ये सगळ्यांनी विचारलं, ही कोणत्या जातीची गाडी? मी ऐटीत सांगितलं, "स्टेशन वॅगन." तिथेच चुकलो. 'वॅगन' कोणाच्या लक्षात राहिलं नाही, 'स्टेशन' राहिलं.

संध्याकाळी घराजवळ शनवाऱ्याच्या वेशीपाशी पान घ्यायला थांबलो. परत येतो तो मागे देडतलाई गावची एक म्हातारी, टोपली मांडीवर घेऊन बसलेली.

"टेसनले जाते न भाऊ ही?"

"बाई, ही घरची गाडी आहे."

"मंग घरचीच बरी. टांगेवाला लय हिसके देते."

लालबागला स्टेशनवर सोडून आलो. टोपलीतली मूठभर बोरं देऊन गेली. गोड होती.

१७ जाने., मंगळ.

आज टांगेवाल्यांचं शिष्टमंडळ दारात. पुढे करीमभाई, चौधरी त्यांचे. माझेच पक्षकार, गेल्या वर्षी त्यांच्या घोड्याचा खटला मी लढवला होता.

"वकीलसाहब, सुना है आपने स्टेशन की गाडी निकाली है. अब आप सवारी ढोओगे तो हम क्या खाएंगे?"

गाडी घरचीच म्हणून शपथ घेऊन सांगितलं, मुद्राही दाखवली. करीमभाईंनी मोराकडे बराच वेळ पाहिलं. "मोर तो ठीक है साहब, मगर बुढिया को तो आप ही ले गए थे न?"

जन्मभर उलटतपासण्या घेतल्या, आज माझीच झाली. सौ. दाराआडून ऐकत होती. माणसं गेल्यावर एकच वाक्य: "नाव मोठं, लक्षण खोटं." रात्री जेवताना पुन्हा तेच.

२२ जाने., रवि.

जळगावचं स्थळ ५ फेब्रु.ला बघायला येणार. मुलाचे वडील नानासाहेब, मुलाचे मामा, मुलगा माधव. मुलगा सरकारी बांधकाम खात्यात, फोटोत बरा दिसतो. आम्ही त्यांना पाहिलेलं नाही, त्यांनी आम्हाला नाही. सगळं मध्यस्थांच्या पत्रांवर.

लेकीला, कुसुमला सांगितलं. एकवीस पूर्ण झाली, तिसरं वर्ष मुलींच्या शाळेत शिकवते आहे. तिची अट पूर्वीचीच. "अण्णा, शाळा सोडणार नाही. जळगावातही शाळा आहेत. एवढं आधी विचारा, मग बाकीचं." मी शब्द दिला. दिलेला शब्द पाळायचा म्हणजे त्या माणसांच्या पोटातलं ओठांवर आणायचं. बघायला आलेली माणसं कधी खरं बोलतात का? सगळी गूळ खाऊन आलेली असतात. झोप नाही आली.

सौ.ला वेगळीच काळजी. गाडी त्या दिवशी मागच्या गल्लीत लावा, नाहीतर कापसाच्या जिनिंगवाल्या शेटजींना विकून टाका, ते मागताहेत. "स्टेशनची गाडी म्हणतात हो लोक! मुलीचं लग्न आहे."

२६ जाने., गुरु.

प्रजासत्ताक. कुसुमच्या शाळेच्या प्रभातफेरीला लहान मुलींचे पाय दुखतील म्हणून अकरा मुली मागे भरल्या. अकरा! दारावरच्या मोरावर कुसुमने झेंडा लावला, मोर पार झाकला गेला. राजेसाहेबांनी पाहिलं असतं तर हसले असते की रडले असते कोण जाणे. मला छान वाटलं. मुली सबंध इतवारा पेठेत घसा फोडून ओरडत होत्या. एकीने सीटवर ओकारी केली, ती धुण्यात दुपार गेली.

२९ जाने., रवि.

कुसुम गाडी शिकते आहे, जसोंडीच्या रस्त्यावर, रविवारी सकाळी. सौ.ला "देवदर्शन" सांगितलंय. क्लच सोडते तेव्हा गाडी ससा होते. पण भीत नाही. भितो मी.

५ फेब्रु., रवि.

सगळं लिहायलाच हवं, नाहीतर डोकं फुटेल.

सौ.च्या म्हणण्याप्रमाणे टांगे करायचे ठरलं होतं. पण मामांच्या पत्रात "सामान थोडे आहे" असं होतं, आणि जळगावकरांचं थोडं म्हणजे काय ते मला ठाऊक. मीच गाडी घेऊन गेलो. रस्त्याला धूळ म्हणून खाकी डगला, डोक्यावर खाकी टोपी. स्टेशनबाहेर उतरून डगला काढणार, पुढे होऊन नमस्कार करणार, एवढ्यात हमाल ओरडला, "स्टेशन की गाडी! स्टेशन की गाडी!" आणि मामांनी वळकटी थेट माझ्या हातात दिली.

"ओ भाऊ, टेसनची गाडी न ही? वकिलाकडे चाल, शनवाऱ्याले."

हसूच आलं. म्हटलं, दारात सांगू, गंमत होईल. वळकटी ठेवली, गाडी काढली. रेल्वे फाटकापर्यंत मनात वाक्य जुळवत होतो.

फाटकाशी मामा म्हणाले, "वकील म्हणे मोटार बाळगून आहे, अन् पाहुण्यांले भाड्याची गाडी!"

नानासाहेब म्हणाले, "असू द्या. मुलगी चांगली आहे म्हणतात. तेवढं ते शाळेचं आहे. आज हो म्हणून टाकायचं. लग्नानंतर दोन महिन्यांत आपोआप सुटतं. घरात बाईमाणसाला काम काय कमी असतं?"

मी टोपी आणखी पुढे ओढली. भिंतीला कान असतात म्हणतात, इथे टोपीखालीच होते.

मुलगा इतका वेळ खिडकीबाहेर बघत होता. तो म्हणाला, "मग ते त्यांना आधीच सांगा ना."

"तू गप्प बस," नानासाहेब.

आणि तो गप्प बसला.

दारात उतरले. मामांनी माझ्या तळहातावर दोन आण्यांची चवली ठेवली. "परत न्यायलेही तूच ये." घेतली. का घेतली, अजून कळत नाही. गाडी मागच्या गल्लीत नेली, मागच्या दाराने आत, डगला काढला, कोट चढवला, टोपी बदलली, आणि बैठकीत येऊन हात जोडले. "नमस्कार. मी कुसुमचे वडील."

नानासाहेबांचं तोंड उघडंच. मामांना सुपारीचा ठसका. मुलगा मात्र हसला, अगदी खरा हसला, मग वडिलांकडे पाहून हसू आवरलं.

मी चवली मामांपुढे पानाच्या तबकात ठेवली. पुढचं सगळं रीतीप्रमाणे. पोहे, माव्याची जिलेबी, कुसुम आली, बसली, चार प्रश्न झाले. मी एवढंच विचारलं, "शाळेचं कसं?" नानासाहेब म्हणाले, "ते सगळं... कळवू." डोळे जिलेबीवर.

निघताना तिघेही टांग्यात बसले. करीमभाईंच्या.

६ फेब्रु., सोम.

करीमभाई वाटेत भेटले. "साहब, कल के तीनों सवारी रास्ते भर बोले नहीं. मय्यत थी क्या?"

बरं वाटलं. खरंच सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. गाडी नसती तर मी काल हो म्हणून बसलो असतो, आणि कुसुमने मला जन्मभर काही म्हटलं नसतं. ते न म्हणणंच मला सोसलं नसतं.

९ फेब्रु., गुरु.

सौ. बोलत नाही. बोलते तेव्हा, "भाड्याची समजले ना? सांगत होते!" गाडीतलं बोलणं तिला सांगितलेलं नाही. कुसुमलाही नाही. स्थळ फिसकटलं तर गाडीमुळे, असंच घरात ठरून चाललंय. चालू दे. पण मुलीपासून लपवणं म्हणजे तिच्या खटल्यातला पुरावा खिशात ठेवणं. हे मला शोभत नाही.

शेटजींचा माणूस पुन्हा आला. गाडी देत नाही म्हणून सांगितलं, जरा जास्तच मोठ्याने.

१२ फेब्रु., रवि.

जसोंडीचा रस्ता. दोन्ही बाजूंना केळी. कुसुम चालवत होती. शेवटी बोललो सगळं; म्हटलं, गाडीत माणूस खरं बोलतो.

तिने गाडी बाजूला घेतली, नीट थांबवली, आधी गिअर काढला. मग म्हणाली, "अण्णा, तो काय म्हणाला? शब्दशः सांगा."

"मग ते त्यांना आधीच सांगा ना."

"आणि?"

"वडील म्हणाले गप्प बस."

"आणि?"

"गप्प बसला."

एक बैलगाडी गेली. कुसुम म्हणाली, "बोलला तेही खरं, गप्प बसला तेही खरं." माझ्या मनात आठवडाभर हेच. तिने दोन वाक्यांत मोकळं केलं. मग म्हणाली, "आईला सांगा. गाडीला उगाच बोलणी बसताहेत."

सांगितलं. देवदर्शनाचंही. संध्याकाळी सौ. ओला फडका घेऊन मोराची मुद्रा पुसत होती. मी बघतोय हे कळल्यावर म्हणाली, "किती धूळ बसते हो."

२१ फेब्रु., मंगळ.

जळगावचं पत्र. नानासाहेबांचं असेल म्हणून फोडलं, निघालं माधवचं. मुलाने स्वतः मुलीच्या बापाला लिहायचं! आमच्याकडे असं ऐकलेलंही नाही. उतरून ठेवतो:

"...हे वडिलांच्या वतीने नाही, माझ्या वतीने. वडिलांना सांगून लिहितो आहे, ते रागावले आहेत. गाडीत मी एकच वाक्य बोललो. त्यानंतर दुसरं बोलायला हवं होतं, ते बोललो नाही. ते बोलायला येऊ इच्छितो, पण तुमच्याशी नाही, कुसुमताईंशी. चालत असेल तर रविवारच्या दुपारच्या गाडीने येईन. नसेल तर राग नाही. स्टेशनची गाडी मिळाली तर बरं होईल, नाही तर पायी येईन."

'कुसुमताई' वाचून सौ.ने कपाळाला हात लावला. मला हसू आवरेना. कुसुम हसली नाही, पत्र घेऊन माडीवर गेली. खाली आली ती म्हणाली, "येऊ दे म्हणून लिहा. आणायला मी जाईन."

"तू?" मी विचारलं.

"गाडीत माणूस खरं बोलतो. तुम्हीच सांगितलंत."

२५ फेब्रु., शनि.

कुसुमचं लायसन्स आलं. सौ. म्हणते एकटी नको, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक म्हणतील स्टेशनची गाडी स्टेशनला गेली. यावर तिलाही हसू आलं, दोन महिन्यांत पहिल्यांदा.

तोडगा आईनेच काढला. "मी जाते मागे बसून." आईला उजव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही, डाव्याने ओरडल्यावर. याहून चांगली सोबत कुठे मिळणार? मागे गादी घातली.

करीमभाईंना आधीच सांगून ठेवलं, उद्या एक सवारी आमची. म्हणाले, "बिटिया चलाएगी? तो हम सब टांगे साइड में लगा लेंगे." आदर की भीती, विचारलं नाही.

२६ फेब्रु., रवि.

कुसुम अडीचला निघाली. पिवळी नऊवारी नको म्हणाली, शाळेचीच पांढरी साडी. माझा खाकी डगला मागितला, धूळ असते म्हणून. दिला. टोपीही मागितली. ती दिली नाही.

आई मागे गादीवर, हातात जपमाळ. गाडी कोपऱ्यावर वळताना क्लच अगदी अलगद सोडला, ससा झाली नाही.

तीनला आगगाडीची शिट्टी इथवर ऐकू आली. लालबागहून इथवर रमत गमत पंधरा मिनिटं. सौ.ने पोह्यांना फोडणी दिली, मग खाली उतरवून ठेवली.

साडेतीन. पोरगी तिकडून 'हो' घेऊन येईल की 'नाही' घेऊन, काहीही चालेल मला. विचारेल तीच, ऐकेल तीच. माझं काम संपलं, खांदे हलके झालेत.

पावणेचार. सौ. दोनदा ओट्यावर जाऊन आली.

करीमभाईंचा टांगा समोरून रिकामा गेला. थांबले नाहीत, नुसते हसले आणि हाताने खूण केली, सबूर.

चारला पाच कमी. साठ मैलांनी पळणारी गाडी. एक तर बंद पडली आहे, नाही तर बोलणं चालू आहे. देवा, बंद पडलेली नसू दे.