पडद्यापलीकडचं हसू

अब्बा, तुमचं मशीन परवा पुन्हा सुरू केलं. ते पिवळं पडलेलं कॉम्प्युटरचं खोकं नाही. ते दुकानाबरोबरच गेलं. शहाद्याची ती जागा आता मोबाइलवाल्याला दिली आहे. खोकं भंगारात देण्याआधी मी त्यातली डिस्क तेवढी काढून घेतली, कारण अम्मीने विचारलं होतं, त्यात तुमचं काही आहे का. मी म्हटलं, लग्नपत्रिका असतील, दुसरं काय. ती म्हणाली, तरी बघ. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण दुकानातल्या वस्तूबद्दल काही विचारायचं असलं की तिचा आवाज अजून खाली जातो, जणू तुम्ही पुढे गिऱ्हाइकाशी बोलत आहात आणि मध्ये बोललेलं तुम्हाला चालणार नाही. माझा राग तिथूनच पुन्हा सुरू झाला.

तो पडदा तुम्हाला आठवत असेल. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर, मध्ये हिरव्या फुलांचं कापड. पुढे तुम्ही पत्रिका करायचात: तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांच्या, गावातल्या सगळ्यांच्या, आपल्या लोकांच्या, आणि होळी जवळ आली की काठी गावच्या मेळ्याला जाणाऱ्या जीपवाल्यांची पत्रकं. मराठी आणि गुजराती अक्षरं जुन्या विंडोजवरच उमटायची, उर्दूचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवरच चालायचं. दोन्ही विंडोज एकाच मशीनमध्ये होत्या, पण एका वेळी एकच जागी असायची. एकीतून दुसरीत जायचं तर मशीन बंद करा, पुन्हा चालू करा आणि वाट बघा. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. दुपारी पडद्यामागे भाजी निवडत बसायचे आणि ती वाट बघणं ऐकायचे. "बठ ना भाऊ," तुम्ही म्हणायचात, "मशीनले बी जराशी झपकी लेऊ दे." समोरचा पाटील म्हणायचा, "तुन्हं मशीन तुन्हासारखंच आळशी शे, मियाँ." आणि तुम्ही हसायचात, खुर्ची करकरेपर्यंत. अम्मीचा हात पोळी उलटता उलटता तव्यावर थांबायचा. ती हसायची नाही, फक्त ऐकायची.

मग गिऱ्हाईक जायचं, पडदा बाजूला व्हायचा आणि तुम्ही आत यायचात. त्या दोन पावलांत काय बंद व्हायचं, मला कधी कळलं नाही. आत आलेला माणूस मीठ कमी आहे म्हणायचा, पंखा लाव म्हणायचा, आणि जेवण झालं की पाठ करून झोपायचा. त्याला विनोद येत नव्हते. अहिराणी येत नव्हती. अम्मीचं माहेर विसरवाडीचं, हमरस्त्यावरचं. येणाऱ्या-जाणाऱ्यांशी हसत-बोलत वाढलेली बाई ती, आणि तुम्ही तिला आयुष्यभर पडद्यामागून ऐकायला बसवलंत.

तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही. तुम्ही जेवायला बसला होतात आणि मला वाटलं, आज मी ते हसू आत आणते. चहाचं पातेलं हातात धरून तुमच्या त्या पाटलाशी बोलायच्या सुरात म्हटलं, "अब्बा, चहा लेतस का, का मशीनले अजून झपकी लेऊ देऊ?" अम्मी हसली. खरंच हसली, तोंडावर ओढणी घेऊन. तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. "ये दुकान की बोली है. घर में घर की बोलो." आवाज चढला नव्हता. अम्मीने ओढणी खाली घेतली आणि परत तव्याकडे वळली. त्या घरात मी तिला पुन्हा तसं हसताना पाहिलं नाही.

आता मी नंदुरबारच्या एका कॉलेजात मुलांना कॉम्प्युटर शिकवते. दरवर्षी एक तास हायपरवायझरचा असतो. मी सांगते की हा एक मधला थर असतो, खालच्या मशीनच्या आणि वरच्या सिस्टिमच्या मध्ये बसलेला. तो मेमरी वाटून देतो, डिस्क वाटून देतो, प्रोसेसरचा वेळ इतका बारीक तुकड्यांत फिरवतो की प्रत्येक सिस्टिमला वाटतं, सगळं मशीन माझंच आहे. एक अडकून पडली तरी दुसरी चालू राहते. एकीला जागी करायला दुसरीला झोपवावं लागत नाही. गेल्या वर्षी हे सांगताना तुम्ही डोळ्यांपुढे आलात आणि माझं वाक्य तुटलं. मुलांना वाटलं, मॅडम विसरल्या.

परवा मी तुमच्या डिस्कच्या दोन नकला केल्या. एकीतून जुनी विंडोज सुरू केली, दुसरीतून नवी, माझ्याच कॉम्प्युटरवर, एकाच पडद्यावर शेजारी शेजारी. अम्मीला खुर्ची दिली. डावीकडे तापीकाठच्या कोणाची गुजराती पत्रिका उघडली, उजवीकडे तिच्याच भाचीची उर्दू. दोन्ही एकदम. अम्मीने आधी एकीवर बोट ठेवलं, मग दुसरीवर. तुमचं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. ते मी तिला सांगितलंही. तिने विचारलं, आता हे बंद करून ते चालू करावं लागत नाही का. मी म्हटलं, नाही. दोन्ही चालतात.

"इतना आसान था?" ती म्हणाली.

अब्बा, ती मशीनबद्दल बोलत नव्हती. मशीनबद्दल मी तुमची बाजू घेतली असती. तेव्हाच्या खोक्यात मेमरी किती होती, दोन सिस्टिम एकदम उचलायची त्याची ताकद नव्हती, हे मला समजतं. तुमच्यातही ती नसेल, असं मी कधी कधी मनाला सांगते. सगळ्या गावाशी गोड बोलून माणूस दमतो. गावात राहायचं, धंदा करायचा तर आपल्याला जास्तच गोड बोलावं लागतं, हे मलाही आता कळतं. पण गावासाठी ताकद होती ना? रोज होती. दिवेलागणीपर्यंत पुरायची. फक्त त्या कापडापाशी येऊन संपायची. आणि दमलेला माणूस गप्प बसतो, तो दुसऱ्याचं हसू खाली ठेवायला लावत नाही. तुम्ही तुमचं हसू बाहेर ठेवलंत, ते ठेवायचं तर ठेवा. तिचं का थांबवलंत?

अम्मी आता माझ्याकडेच असते. मशीन बंद करू का विचारलं तर म्हणाली, राहू दे थोडा वेळ. मग ती चहा करायला उठली आणि मी मागून म्हणणार होते, त्याच सुरात, तेच झपकीचं वाक्य. तोंड उघडलं आणि म्हटलं, साखर कमी टाक.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. पत्र मी आधी अहिराणीत सुरू केलं होतं. "अब्बा, कसं शे तुमनं?" एवढं लिहिलं, मग खोडलं आणि शाळेतल्या मराठीत लिहायला घेतलं. तुम्ही घास खाली ठेवाल असं वाटलं.