एकाच नकाशावरचे दोन धडे

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, म्हणून बसल्या जागेवरूनच). तुझा खोकला कसा आहे? औषध घेतेस का, हे विचारत नाही. उत्तर माहीत आहे.

मी सहावीत भूगोलात नापास झाले तेव्हा तू म्हणाली होतीस, “पोरीत काही खोट नाही, हिच्या हातात पुस्तकच भलतं पडलंय.” बाकी सगळ्या घराला खोट माझ्यातच दिसत होती. त्या एका वाक्याच्या जोरावर मी आज बावीस वर्षं भूगोल शिकवतेय. तुझे आभार कधी मानले नाहीत. तू मानू दिले नसतेस.

आता माझी फजिती ऐक. सातवीत चाळीस मुलं. काही जण मी फळा पुसेपर्यंत धडा संपवतात, आणि मागच्या बाकांवरचे अकरा जण अजून एकेक अक्षर लावत असतात. आमच्या मोठ्या बाईंचा (म्हणजे मुख्याध्यापिकांचा; उंचीने त्या माझ्या खांद्याला लागतात) हुकूम असा की हुशारांना जाड पुस्तक, त्या अकरांना पातळ, आणि त्यांचा वर्गही वेगळा, जिन्याखालच्या खोलीत. मी म्हटलं, सगळ्यांना एकत्र ठेवता येईल असं काहीतरी शोधते. शनिवारपर्यंत मुदत मिळाली.

मी दोन्ही पुस्तकांतल्या नदीच्या धड्याच्या झेरॉक्स काढल्या. सोपा धडा कोणाला मिळाला यावरून चिडवाचिडवी नको, म्हणून सगळ्यांना सारखी खाकी कव्हरं घातली. इतकी सारखी, की वाटताना मीच घोळ घातला. पुढच्या बाकांनी सोपा धडा सात मिनिटांत उरकला आणि खोडरबरं फेकायला घेतली. मागे मात्र चिडीचूप. मला वाटलं, झोपले. जाऊन बघते तर अवघड धडा त्यांच्याकडे. मजकूर कोणालाच लागेना, म्हणून सगळे नकाशावर ओणवे होऊन पेन्सिलीने आपापलं गाव वसवत होते. वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी (वर्गात तिला ‘गुळणी’ म्हणतात) नकाशावर बोट ठेवून शेजारणीला कुजबुजत दटावत होती, “अगं, इथे रेषा जवळजवळ आल्यात, म्हणजे चढ. तुझं गाव खाली आहे. बुडालं बघ.”

“माझं कसं बुडेल? मी वर बांधलंय.”

“वर कुठे? ही रेषा बघ की, बावळट.”

तेवढ्यात दारातून मोठ्या बाई म्हणाल्या, “छान. पण परीक्षेत वाचावंही लागतं, बाई.” त्यांचंही खरंच होतं.

असो. तू विणलेला स्वेटर मापात बसला. जपून राहा.

तुझी,
भाची

ता.क. जाड पुस्तक कोणाचं ते लिहायचं राहिलं. तुझंच. असे नकाशे दुसरं कोणी काढत नाही. पण नदीच्या धड्यातलं पहिलं वाक्य एक्केचाळीस शब्दांचं आहे, मावशी. मी बोटांवर मोजले.

आणखी एक. प्रकाशकाने तुझा एक स्वल्पविराम हलवला तर तू वर्षभर त्याच्याशी बोलली नव्हतीस, हे मला ठाऊक आहे. तरी विचारते. नकाशे तुझेच, जसेच्या तसे. पुढच्या बाकांना तुझा मजकूर, मागच्यांना त्याच नकाशांखाली मी छोट्या वाक्यांत लिहिलेला. मग खोली एकच राहील. लेखिकेची सही असेल तर मोठ्या बाई तयार आहेत. सोबत संमतीचा कागद जोडलाय. तू तो बिनसहीचाच परत पाठवशील, हे धरून चाललेय. तरी सही करशील का?