एकट्याच्या हातचे विमान

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा पूर्वी बस डेपोत इंजिन फिटर आणि आता काही नाही, राहत्या घराच्या मागच्या खोलीत टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाचा दाखला त्यांनी वेगळा दिला असून तो तितकासा बरा नाही, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, कोणी धाक घातलेला नाही, कोणी काही पाजलेले नाही. लिहिताना शिसारी येत आहे हे खरे. पण ती माझी मी कमावलेली आहे, आणि शिसारीने मृत्युपत्र बाद होत नाही असे वकिलांकडून विचारून घेतले आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

कलम १. राहते घर माझ्या पश्चात माझ्या पत्नीचे. तिच्यानंतर मुलाचे. मागच्या भेटीत मुलगा याच खोलीत उभा राहून म्हणाला, "बाबा, ही खोली रिकामी झाली ना, की एक भाडेकरू आरामात राहील." मी तेव्हा इथेच, या खुर्चीत बसलो होतो. खोली रिकामी व्हायची तर आधी कोणी उठायला हवे हे त्याला बोलून झाल्यावर उमगले आणि त्याचे कान लाल झाले. पोरगा वाईट नाही, उतावळा आहे. आईच्या हयातीत त्याने या खोलीतली एक खुंटीसुद्धा हलवू नये.

कलम २. बँकेत जे आहे ते सगळे पत्नीचे. यात लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. हत्यारे. कानशी, बारीक करवत, हातड्रिल आणि टेबलाला लावायचा छोटा वाइस हे डेपोतल्या माझ्या जुन्या सोबत्याला, ज्याला सगळे पाना म्हणतात, त्याला द्यावे. त्याला त्यांची कदर आहे. टोकदार चिमटा मात्र माझ्या मेव्हण्याला द्यावा. हा चिमटा मी प्लगच्या वायरी पकडायला वापरत असे. मेव्हणा दोन दिवस आमच्याकडे राहायला आला असताना आरशासमोर उभा राहून त्याच चिमट्याने नाकातले केस उपटत होता. मी डोळ्यांनी पाहिले. "अरे, हे काय करतोस?" विचारले तर म्हणाला, "दाजी, काय सुरेख पकड आहे हो याची!" आणि शर्टाला पुसून परत जागेवर ठेवला. तेव्हापासून मी त्याला हात लावलेला नाही. मेव्हण्याने तो आनंदाने वापरावा.

कलम ४. आता विमाने. ज्यांना हा नाद ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खोक्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग येतात. ते चिकटवले की जुन्या लढाऊ विमानाच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढे विमान तयार होते, वीतभरापेक्षा मोठे आणि हातभरापेक्षा लहान. पण त्या खोक्यातले इंजिन म्हणजे नुसता ठोकळा, आणि वैमानिकाच्या बसायच्या जागी, कॉकपिटमध्ये, नुसता खड्डा. खरे काम पुढे सुरू होते. इंजिनाच्या एकेका सिलिंडरला प्लगची वायर ओढायची, तेलाच्या नळ्या वळवायच्या, एक्झॉस्टला जळका रंग चढवायचा. मी जळालेल्या पंख्याच्या मोटारीतली तांब्याची तार वापरली. बाहेरून एक पैची वस्तू आणली नाही. आता हे सगळे तयार मिळते. दुकानातून इंजिन आणून डिंकाने डकवणाऱ्यालाही विमाने बांधणाऱ्यांच्या आमच्या क्लबात 'कलाकार' म्हणतात. मला या गोष्टीचा इतका वीट आला होता की मी भर सभेत एकाला विचारले होते, "तुझ्या इंजिनात तुझं काय आहे? डिंक?"

हे मी विचारले होते. मी. पुढचे कलम वाचल्यावर माझ्या तोंडाला हा प्रश्न किती शोभत होता ते कळेल.

अशी अठरा विमाने कपाटात आहेत, आणि एकोणिसावे, अर्धवट, टेबलावर.

कलम ५. क्लबात स्पर्धेला विमान ठेवताना एक फॉर्म भरावा लागतो. त्यावर छापलेले असते, 'सदर विमान आरंभापासून अखेरपर्यंत माझ्या एकट्याच्या हातचे आहे.' त्याखाली सही. नियम जुना आहे आणि क्लबाला त्याचा फार अभिमान. शिवाय प्रथा अशी की बनवणाऱ्याने स्वतः कॉकपिटवरची काच उचलायची, परीक्षकांनी भिंग आणि टॉर्च घेऊन आत डोकवायचे, आणि कुठल्याही भागावर बोट ठेवून विचारायचे, हे कसे केले? अठरा वर्षे मी ती सही केली आणि अठरा वर्षे घडाघडा उत्तरे दिली.

इंजिने माझी आहेत. कॉकपिट एकही माझे नाही.

माझी पत्नी घड्याळांच्या दुकानात तबकड्या रंगवायची. उडालेले आकडे, पुसलेल्या रेघा नव्याने काढून द्यायची. लग्नाला पंधरा वर्षे झाली होती, मी पहिले विमान बांधत होतो, आणि कॉकपिटमधल्या तबकड्या रंगवताना घामाघूम झालो होतो. ती पाठीमागून बघून खो खो हसली. म्हणाली, "अहो, या तबकड्या आहेत की माशी बसून गेलीय?" मग म्हणाली, "द्या इकडे." ब्रशाचे सगळे केस काढून तिने एकच ठेवला आणि ज्वारीच्या दाण्याहून लहान तबकडीवर आकडे काढले, काटा काढला, आणि वर वार्निशचा एक थेंब सोडला, की झाली काच. आसनाचे पट्टे तिने टूथपेस्टच्या ट्यूबचा पत्रा कापून केले. त्यांचे बक्कल उघडते. मी त्या वर्षी पहिले पदक घेतले, कॉकपिटसाठी. घरी येऊन तिला दाखवले आणि खिशात ठेवले.

नंतर दरवर्षी तेच. ती म्हणाली नाही, आणि मी विचारले नाही. नियम आहे ना, असे मी स्वतःला सांगत असे. नियमाचा मला केवढा पुळका.

अकरा वर्षांपूर्वी बक्षीस समारंभात आमच्या क्लबाच्या अध्यक्षांनी, जे पूर्वी दातांचे डॉक्टर होते आणि अजूनही विमानात किडलेली दाढ शोधल्यासारखे डोकावतात, सगळ्यांदेखत मला विचारले, "वहिनींची काही मदत होते की नाही यात?" मी म्हणालो, "तिची? ती धूळ पुसते. तेही दहा वेळा सांगावं लागतं." लोक हसले. मीही हसलो. मागे वळलो तर ती तिथेच उभी होती, विमानाचे खोके आणि कापूस हातात घेऊन.

बसमध्ये तिने खोके मांडीवर नीट धरले होते. घरी आल्यावर तिने ब्रश धुतले, पुसले, पेल्यात उभे ठेवले. त्यानंतर तिने ते उचलले नाहीत. भांडण झाले नाही, अबोला झाला नाही, दोन वेळचे जेवण झाले, माझ्या औषधाच्या वेळा तिने चुकवल्या नाहीत. फक्त ब्रश तसेच राहिले.

एकोणिसाव्या विमानाचे इंजिन मी दोन वर्षांत पुरे केले. त्याचे कॉकपिट मी पाच वेळा रंगवले आणि पाच वेळा खरवडले. क्लबात सांगितले, डोळे गेले. डोळे गेलेले नाहीत. मी आजही औषधाच्या बाटलीवरची सर्वांत बारीक ओळ चष्म्याशिवाय वाचतो. खोटे बोलणाऱ्या माणसाची दुसरे खोटे बोलताना जीभसुद्धा अडखळत नाही, याची मला आता किळस येते.

सबब, अठराही विमाने आणि कॉकपिटची सगळी पदके मी माझ्या पत्नीस देत आहे.

कलम ६. अध्यक्ष माझी तब्येत विचारायला दोनदा आले. दुसऱ्या खेपेला खिशात टेप होता. "सहज आपलं," म्हणत त्यांनी कपाटाची रुंदी मोजली. क्लबाला माझ्या नावाचे एक काचेचे कपाट करायचे आहे, 'सूक्ष्मदृष्टी' अशी पाटी लावून. माणूस अजून खोकतो आहे तोवर त्याची पाटी कोरायला टाकणाऱ्यांना मी एक खिळाही देणार नाही. क्लबाला माझ्याकडून एवढेच मिळेल, की माझ्या मृत्यूनंतर पहिल्या वार्षिक सभेत कलम ५ उभे राहून मोठ्याने वाचावे, आणि जुन्या यादीत माझ्या नावापुढे जिथे जिथे 'कॉकपिट' आहे तिथे माझ्या पत्नीचे नाव घालावे. वाचण्याचे काम मुलाने करावे.

पुरवणी. वरील मजकूर मंगळवारी लिहून झाला. कच्चा कागद मी पत्नीला वाचायला दिला. ती स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. हात पुसून तिने सगळा वाचला. कलम ५ दोनदा वाचले. मला वाटले रडेल. मी खिशात रुमाल तयार ठेवला होता, माझी अक्कल ती तेवढीच.

ती म्हणाली, "इंधनाचा काटा बघितलात कधी?"

मी म्हणालो, "कुठल्या विमानातला?"

"कुठल्याही."

मी मागच्या खोलीत गेलो, पहिल्या विमानाची काच उचलली, भिंग लावले. इंधनाच्या तबकडीतला काटा शून्यावर. दुसऱ्यात शून्यावर. अठराच्या अठरा विमानांत टाकी रिकामी. एक्झॉस्ट जळका, इंजिन नुकतेच गरजून थांबलेले, आणि टाकीत थेंब नाही. डेपोत मी तीस वर्षे नव्या माणसांना शिकवले की गाडी बंद पडली तर आधी टाकी बघ, मग बॉनेट उघड. आणि माझ्याच घरात अठरा टाक्या कोरड्या होत्या, परीक्षकांनी भिंगातून बघून शाबासकी दिली होती, आणि मी एकेका तबकडीवर व्याख्यान झोडले होते.

परत येऊन विचारले, "का ग?"

ती म्हणाली, "पहिल्या वेळी मी तुम्हाला विचारलं होतं, काटा कुठे दाखवू. तुम्ही म्हणालात, दाखव कुठेही, कोण बघतंय. म्हणून मी बघत होते, कोण बघतंय ते."

"मग सांगायचं नाही का?"

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं. अठरा वर्षं वाट बघितली."

मला स्वतःची इतकी घाण वाटली की मी तिथे भाजीच्या देठांशेजारी जमिनीवर बसलो. थोड्या वेळाने तिने कागद पुन्हा उचलला आणि कलम ५ च्या शेवटच्या ओळीवर नख ठेवले. "हे खोडा. कॉकपिट माझीच आहेत. माझंच मला काय देताय?"

मी खोडतो म्हणालो. वकिलांचेही म्हणणे तेच, की माणसाला मृत्युपत्राने स्वतःची वस्तू देता येते, दुसऱ्याची नाही. तेव्हा ती ओळ रद्द समजावी आणि अशी वाचावी: इंजिने मी पत्नीस देत आहे, घ्यायची की नाही हे ती ठरवील, कॉकपिट आणि पदके पूर्वीपासून तिची आहेत.

मग तिने कलम ६ वर नख ठेवले. "आणि हे काय? तुम्ही गेल्यावर?"

"सभेत सगळे असतात. सगळ्यांना कळेल."

"तुम्ही सुटाल, आणि मी तिथे पांढरी साडी नेसून माझी वाहवा ऐकत बसू? पोरगं वाचणार, लोक मान हलवणार, म्हणणार बिचारीला मरताना तरी श्रेय दिलं." तिचा आवाज चढला. अकरा वर्षांत पहिल्यांदा चढला. "मेल्यावर खरं बोलायला काय लागतं हो? येत्या रविवारी सभा आहे ना तुमची? तिथे उभे राहा आणि सांगा. बोलताना छातीत दुखलं तर मी गोळी घेऊन बसलेली असेन."

मी म्हणालो, "अध्यक्ष पदकं परत मागतील. नियम मोडला म्हणतील. नाव काढून टाकतील."

"टाकू देत."

मी जमिनीवरून उठलो आणि पेन आणले.

तेव्हा कलम ६ पूर्ण रद्द करून त्याऐवजी असे लिहितो. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता क्लबाच्या वार्षिक सभेत मी स्वतः उभा राहून कलम ५ माझ्या तोंडाने सांगेन. माझी मला खात्री नाही. अठरा वेळा ज्याने खोटी सही केली, तो माणूस एकोणिसाव्या वेळी खरे बोलेल याची हमी मी देऊ शकत नाही. म्हणून खालील दोन्ही साक्षीदारांना मी सभेला बोलावले आहे. मी दहा मिनिटांत उठलो नाही, तर पान्याने हा कागद माझ्या देखत, माझ्या हयातीत, वाचून दाखवावा. त्याचा आवाज डेपोत फाटकापर्यंत जायचा. दोघांनी येण्याचे कबूल केले आहे.

पत्नीला विचारले, तू कुठे बसशील, मागे बसलीस तर मला बरे पडेल.

म्हणाली, "पहिल्या रांगेत."

हा कागद मी स्वतः लिहिला, वाचला, आणि खाडाखोड जिथे आहे तिथे सही केली आहे.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
वार शनिवार, दिनांक नऊ, सायंकाळी पाच वाजता

लिहून ठेवणार: (सही) निवृत्त इंजिन फिटर

आमच्या समक्ष सही केली, शुद्धीवर होते:

साक्षीदार १: (सही) कोपऱ्यावरचे औषध दुकानदार
साक्षीदार २: (सही) डेपोतील जुना सोबती, पाना. मी उद्या साडेनऊलाच येतो.